काकडदऱ्याचे श्रमदान आणि वर्ध्याचे पाणी

वर्धा : आर्वी तालुक्याच्या डोंगराळ भागातील काकडदरा या कोलामबहुल गावाने २०१७ मध्ये 'सत्यमेव जयते वॉटर कप' स्पर्धेत राज्यात पहिला क्रमांक मिळवून ५० लाख रुपयांचे पारितोषिक पटकावले. पाणी फाउंडेशनच्या या स्पर्धेत त्या वर्षी ३० तालुक्यांतील गावे उतरली होती. कोलाम ही कातकरी आणि माडिया गोंड यांच्यासह राज्यातील तीन आदिम जमातींपैकी एक. शासकीय योजनांच्या यादीत एरवी शेवटी येणारे गाव पहिले आले, ही बाब म्हणूनच विशेष उल्लेखनीय ठरली.

जिल्ह्यात पाऊस तसा कमी नाही. सरासरी हजार मिलिमीटरच्या घरात तो पडतो. तरीही उन्हाळ्यात विहिरी कोरड्या पडतात. त्याचे कारण भूगर्भात आहे. जिल्ह्याचा मोठा भाग काळ्या पाषाणावर, म्हणजे बेसाल्टवर वसलेला आहे. या खडकाच्या वरच्या झिजलेल्या, भेगाळलेल्या थरातच काय ते पाणी साठते. हा थर उताराच्या जमिनीवर पातळ असतो आणि त्यातील पाणी पावसाळा सरताच नाल्याकडे वाहू लागते. कपाशी आणि तुरीसारखी लांब मुदतीची पिके नेमकी त्यानंतर ओल मागतात. २००६ मध्ये केंद्राने शेतकरी आत्महत्यांसंदर्भात विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी मदत योजना जाहीर केली, त्यांत वर्धा होता. कोरडवाहू शेतीत एका संरक्षित ओलिताने पीक हाती लागते की जाते, हे ठरते.

माथा ते पायथा

पाणी अडविण्याचे शास्त्र साधे आहे. पाळावयाचा क्रम मात्र कडक. काम डोंगरमाथ्यावरून सुरू करून पायथ्याकडे यावयाचे. वर सलग समतल चर, घळीत अनगड दगडी बांध, त्याखाली शेताची बांधबंदिस्ती आणि शेवटी नाल्यावरील मातीचा बांध. हा क्रम उलटा झाला की वरून वाहून येणारा गाळ खालचा बांध एक-दोन पावसाळ्यांतच भरून टाकतो.

एक हेक्टर जमिनीवर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर १० लाख लिटर पाणी जमा होते. ६० सेंटिमीटर रुंद व ३० सेंटिमीटर खोल चराच्या एका मीटर लांबीत एका वेळी १८० लिटर पाणी मावते. पावसाळ्यात चर अनेकदा भरतो आणि रिकामा होतो, म्हणून प्रत्यक्ष मुरणारे पाणी याच्या कितीतरी पट असते. समपातळी काढण्यासाठी दोन काठ्या, एक आडवी पट्टी आणि ओळंबा यांची 'ए' आकाराची चौकट पुरते. शाळकरी मुलेही ती वापरू शकतात.

२०१७ मध्ये स्पर्धेचा काळ ८ एप्रिल ते २२ मे असा होता. विदर्भात हे दिवस अंगाची लाही करणारे. तापमान ४५ अंशांच्या आसपास जाते. त्यामुळे श्रमदान पहाटे वा रात्री करावे लागते. मजुरीच्या दिवसांत विनामोबदला कुदळ धरणे म्हणजे हातावर पोट असलेल्या कुटुंबाने त्या दिवसाची मिळकत सोडणे होय. स्पर्धेच्या बातम्यांत या खर्चाचा हिशेब क्वचितच मांडला गेला.

स्वयंसेवकांची या जिल्ह्याला नवलाई नाही. १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ वर्ध्यात स्थापन झाला. गांधीजींच्या सहकाऱ्यांनी मगनवाडीजवळच्या सिंदी गावात ग्रामसफाई केली, तेव्हा झाडू बाहेरून आलेल्यांच्या हातात होता आणि गाव बहुतांशी पाहत होते. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात गुरुकुंज मोझरीहून राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी सामुदायिक श्रमाचा प्रचार केला, तो गावानेच आपले काम हाती घ्यावे यासाठी. वॉटर कपची रचना या दुसऱ्या वाटेची होती. प्रत्येक गावातून निवडलेल्यांना निवासी प्रशिक्षण मिळे आणि पुढचे काम त्यांनी गावाला सोबत घेऊन करावयाचे असे. १ मे २०१८ च्या महाश्रमदानात शहरांतील 'जलमित्र' गावोगावी आले. ती मदत उत्साह वाढविणारी खरी, पण एका दिवसाची होती.

स्पर्धेनंतर

स्पर्धेत यंत्रांच्या कामालाही गुण होते. यंत्राने घनमीटर झपाट्याने वाढतात. मात्र माथ्यावरील उपचार सोडून केवळ नाले खोल केल्यास गाळ आणि झिरपा यांचे गणित बिघडते, असा आक्षेप काही जलतज्ज्ञांनी त्या काळात शासकीय जलयुक्त शिवार अभियानाबाबतही घेतला होता. तो दुर्लक्षिण्याजोगा नाही.

त्याहून अवघड प्रश्न देखभालीचा. चर गाळाने भरतात, दगडी बांधांचे दगड निसटतात. दरवर्षी मृगापूर्वी ते नीट करावे लागतात. या कामाला पारितोषिक नसते. शिवाय पाणी वाढले की नव्या बोअर घेतल्या जातात आणि वरच्या शेतकऱ्याने उपसलेले पाणी खालच्याच्या विहिरीतून कमी होते. म्हणून पीकनिहाय 'पाण्याचा ताळेबंद' ग्रामसभेत मांडण्याची पद्धत पुढे आली. वॉटर कप २०१९ मध्ये थांबला आणि २०२० पासून सुरू झालेल्या समृद्ध गाव स्पर्धेत पाणी अडविण्याच्या जोडीला पाण्याचे व्यवस्थापन, मातीचे आरोग्य आणि गवत यांनाही स्थान मिळाले. चराच्या खालच्या बाजूच्या भरावावर पहिल्या पावसानंतर गवताचे बी टाकले की मुळे माती धरतात, भराव खचत नाही आणि गुरांना वैरणही मिळते. पहिली काही वर्षे तेथे चराई बंद ठेवण्याचा निर्णय मात्र गावालाच घ्यावा लागतो.