चाकणच्या रस्त्यावरचा दुसरा 'एम'

पुण्याहून नाशिकच्या रस्त्याला लागले की मोशीला इंद्रायणी ओलांडावी लागते. पुढे चाकण येते. चाकणचा संग्रामदुर्ग आपण शाळेच्या पुस्तकातून ओळखतो. १६६० साली फिरंगोजी नरसाळा यांनी शाइस्ताखानाच्या फौजेला या छोट्या भुईकोटाच्या बळावर जवळजवळ दोन महिने रोखून धरले. आज या गावाची ओळख किल्ल्यापेक्षा कारखान्यांमुळे अधिक आहे. १९९९ मध्ये बजाजचा कारखाना इथे आला, २००९ मध्ये फोक्सवॅगन आणि मर्सिडीज आले, २०१० मध्ये महिंद्राचा प्रकल्प सुरू झाला. इथून निघणाऱ्या महिंद्राच्या गाड्या साऱ्या देशात फिरतात. मात्र त्या कंपनीच्या नावातल्या दोन 'एम'पैकी दुसऱ्याचा इतिहास फार थोड्यांना ठाऊक आहे.

२ ऑक्टोबर १९४५ रोजी मुंबईत ही कंपनी स्थापन झाली तेव्हा तिचे नाव 'महिंद्रा अँड मोहम्मद' असे होते. जगदीशचंद्र आणि कैलाशचंद्र हे दोन महिंद्रा बंधू आणि त्यांचे भागीदार मलिक गुलाम मोहम्मद. गुलाम मोहम्मद अलीगढचे विद्यार्थी. रेल्वेच्या हिशेब खात्यातून वर चढत गेलेले, हैदराबाद संस्थानाचे अर्थमंत्रीपद सांभाळलेले. पोलादाच्या व्यापारासाठी तिघे एकत्र आले. दोनच वर्षांत फाळणी झाली. गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, त्या देशाचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९५१ मध्ये गव्हर्नर जनरल. १९५४ मध्ये त्यांनी तिथली संविधान सभाच बरखास्त केली. एका नव्या देशाच्या लोकशाहीला सुरुवातीलाच बसलेला तो मोठा धक्का होता. इकडे मुंबईत १९४८ साली कंपनीचे नाव बदलून 'महिंद्रा अँड महिंद्रा' झाले. 'एम अँड एम' अशी आद्याक्षरे असलेली कागदपत्रे आधीच छापलेली होती, म्हणून तीच अक्षरे कायम राहतील असे नाव घेतले, असे सांगितले जाते. मोहम्मद गेले, 'एम' तेवढा राहिला.

ही गोष्ट मी गंमत म्हणून सांगत नाही. तिच्यात आपल्या समाजाच्या वाटचालीचा एक मोठा धागा आहे. फाळणीने माणसे मारली, घरे उद्ध्वस्त केली, हे आपण वाचतो. तिने आणखी एक गोष्ट केली. शिकलेला, खात्यात चढलेला, भांडवलदाराच्या बरोबरीने टेबलावर बसणारा मुस्लिम वर्ग मोठ्या प्रमाणात निघून गेला. मागे राहिले ते बहुतांशी कारागीर, विणकर, शेतमजूर, छोटे दुकानदार. शिडीच्या खालच्या पायऱ्यांवर माणसे होती. वरच्या पायरीवरून हात देणारे मात्र फारसे उरले नाहीत.

सगळेच गेले असेही नाही. जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेर इथे महंमद हाशम प्रेमजी यांनी १९४५ मध्ये वनस्पती तुपाची कंपनी काढली. ते इथेच राहिले. १९६६ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा मुलगा अझीम स्टॅनफर्डमध्ये शिकत होता. एकविसाव्या वर्षी त्याने कारभार हातात घेतला आणि तुपाच्या त्या कंपनीची विप्रो झाली. ख्वाजा अब्दुल हमीद यांनी १९३५ मध्ये सिप्ला स्थापन केली. त्यांचे पुत्र युसूफ हमीद यांनी २००१ मध्ये एड्सवरची औषधे दिवसाला एका डॉलरहून कमी खर्चात देण्याची तयारी दाखवली आणि जगभरच्या औषध कंपन्यांना हादरवले. या दोन्ही नावांचा आपल्याला अभिमान आहे आणि तो असावाही. पण प्रामाणिकपणे सांगायचे तर ही उदाहरणे घरात कारखाना असलेल्यांची आहेत. ज्याच्या बापाचे पंक्चरचे दुकान आहे, त्या मुलाने कुठली वाट धरायची, याचे उत्तर त्यांत मिळत नाही. ते शोधायचे तर पिंपरी-चिंचवडकडेच वळावे लागते.

ही उद्योगनगरी कशी उभी राहिली? १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि पेनिसिलिन देशातच तयार होऊ लागले. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ आले. साठच्या दशकातच बजाज टेम्पो आकुर्डीला आली, टेल्कोने पुण्यात पाय रोवले. १९७० मध्ये नगरपालिका झाली आणि १९८२ मध्ये महानगरपालिका. दोन-अडीच दशकांत शेताच्या जागी शहर आले. मराठवाड्यातून, सोलापूर-साताऱ्याकडून, खानदेशातून, पुढे उत्तर भारतातून माणसे येत राहिली. त्यांत आपलीही माणसे होती. १९७२ च्या दुष्काळाने कुणाला जातधर्म विचारला नव्हता.

या नगरीत वर चढण्याची वाट ठरलेली होती. आयटीआय करायचे, १९६१ च्या कायद्याखाली अप्रेंटिस म्हणून लागायचे, कायम व्हायचे, मग लीडमन, सुपरवायझर. ज्यांना कायम होता आले त्यांची घरे झाली, मुले इंजिनिअर झाली. मात्र या वाटेच्या तोंडाशीच दोन अडथळे होते. पहिला सर्वांसाठी सारखा होता. वर्षात २४० दिवस भरले की जुन्या औद्योगिक विवाद कायद्याप्रमाणे कामगाराला सलग सेवेचे संरक्षण मिळे. म्हणून सात महिने झाले की 'ब्रेक'. पुन्हा नवे गेट, पुन्हा नवा ठेकेदार. दुसरा अडथळा मात्र नावाचा होता.

नावाचा अडथळा हा आपल्या मनाचा खेळ आहे, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्यासाठी एक अभ्यास सांगतो. अर्थतज्ज्ञ डॉ. सुखदेव थोरात हे मूळचे अमरावती जिल्ह्यातले. त्यांनी पॉल अटवेल यांच्यासह वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना अर्ज पाठवले. पात्रता सारखीच, फक्त नावे वेगळी. काही उच्चवर्णीय हिंदू, काही दलित, काही मुस्लिम. २००७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पुढच्या फेरीचे बोलावणे येण्याच्या शक्यतेचे गुणोत्तर उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत दलित नावासाठी ०.६७ निघाले आणि मुस्लिम नावासाठी ०.३३. लक्षात घ्या, मुलाखत झालेलीच नव्हती. दाढी, टोपी, बोलण्याची लकब यांतले काही कुणी पाहिले नव्हते. पाहिले होते फक्त नाव.

त्याच्या आदल्या वर्षी, २००६ मध्ये, न्यायमूर्ती सच्चर समितीचा अहवाल आला होता. २००१ च्या जनगणनेप्रमाणे देशात मुस्लिम १३.४ टक्के. भारतीय प्रशासन सेवेत ३ टक्के, पोलीस सेवेत ४ टक्के. रेल्वेत ४.५ टक्के आणि त्यांतले ९८.७ टक्के खालच्या पदांवर. हा शेवटचा आकडा मला सर्वांत बोलका वाटतो. दार अगदीच बंद होते असे नाही. आत गेलेला माणूस जिथे उभा राहिला तिथेच उभा राहिला, वर चढला नाही.

मग ओळख ही केवळ ओझे आहे का? इतिहास तसे सांगत नाही. याच नगरीतली दोन उदाहरणे पाहू.

पहिले कामगारांचे. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस टेल्कोतल्या कामगारांचे पुढारी होते राजन नायर. आडनाव केरळचे, कामगार बहुसंख्य मराठी. तो काळ मुंबई-पुण्यात परप्रांतीयांविरुद्ध घोषणा दुमदुमण्याचा होता. तरीही हजारो मराठी कामगार या माणसामागे उभे राहिले. एकच पाळी, एकच कॅन्टीन, एकच पगारपत्रक असले की आडनाव मागे पडते. सप्टेंबर १९८९ मध्ये शनिवारवाड्यासमोर कामगार उपोषणाला बसले. पोलिसांनी त्यांना तिथून उचलले आणि तो लढा मोडला. त्या लढ्याच्या डावपेचांविषयी मतभेद असू शकतात. पण सहवासातून उभा राहिलेला अनुभव जन्माच्या ओळखीवर मात करू शकतो, हे त्या कामगारांनी दाखवून दिले.

दुसरे उदाहरण चिंचवडच्या थरमॅक्सचे. बॉयलर आणि ऊर्जासामग्री बनवणाऱ्या या कंपनीच्या अनू आगा पारशी, म्हणजे या देशातल्या एका अगदी छोट्या समाजाच्या. टाटा समाजविज्ञान संस्थेत त्यांनी समाजकार्याचे शिक्षण घेतले. १९८५ मध्ये त्या कंपनीच्या मनुष्यबळ विभागात आल्या. १९९६ मध्ये पती रोहिंटन यांचे अकस्मात निधन झाले आणि अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. पुढच्याच वर्षी तरुण मुलगा अपघातात गेला. त्याच सुमारास कंपनीचा व्यवसाय घसरला, शेअरचा भाव कोसळला. एका भागधारकाचे निनावी पत्र आले की तुम्ही आम्हाला निराश केले. त्या पत्राने त्या हलल्या. बाहेरचे सल्लागार बोलावले, संचालक मंडळाची फेररचना केली, कंपनी पुन्हा उभी केली आणि २००४ मध्ये सूत्रे मुलीकडे सोपवून बाजूला झाल्या.

पण आपल्या वाचकांनी त्यांना स्मरावे ते आणखी एका कारणासाठी. २००२ मध्ये गुजरात पेटले होते तेव्हा अनू आगा तिथल्या मदत छावण्यांत गेल्या. घरे, माणसे गमावलेल्या बायकांशी बोलल्या. आणि परत येऊन उद्योगपतींच्या व्यासपीठावर त्यांनी ते सांगितले, जिथे नफ्यातोट्याखेरीज दुसरे बोलण्याची रीत नव्हती. पुढच्या वर्षी, फेब्रुवारी २००३ मध्ये, दिल्लीत भारतीय उद्योग महासंघाच्या बैठकीत गुजरातचे तेव्हाचे मुख्यमंत्री नरेंद्र मोदी यांच्यासमोर आकुर्डीच्या राहुल बजाज यांनी आणि जमशेद गोदरेज यांनी तिथल्या सुरक्षिततेविषयी उघड प्रश्न विचारले. त्यानंतर महासंघावर दडपण आले आणि त्याला दिलगिरी व्यक्त करावी लागली. म्हणून त्या प्रश्नांचे मोल कमी होत नाही.

अनू आगांना ते धैर्य कुठून आले? स्वतः दुःख भोगलेल्या बाईला दुसऱ्या आईचे दुःख कळते, हे तर आहेच. अल्पसंख्य समाजात वाढल्याने असुरक्षितता म्हणजे काय याचीही जाण त्यांना असावी. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की त्या अनुभवाला खुर्ची होती. त्या बोलल्या तेव्हा सभागृह थांबून ऐकत होते, कारण बोलणारी एका मोठ्या कंपनीची अध्यक्ष होती. तोच अनुभव छावणीतल्या त्या बायकांकडे कितीतरी पटींनी अधिक होता. त्यांना कुणी व्यासपीठावर बोलावले नाही. अनुभवाने माणूस समजदार होतो. नेतृत्व उभे राहायला त्या अनुभवाला शिडी मिळावी लागते.

आपल्या समाजात अनुभवाची वाण नाही. सच्चर समितीच्या आकडेवारीप्रमाणे आपल्यातले ६१ टक्के कमावते लोक स्वयंरोजगार करतात. आवाजावरून इंजिनाचा दोष सांगणारे मिस्त्री, नुसत्या हाताने पत्रा सरळ करणारे डेंटर, भंगाराच्या ढिगातून धातू वेगळा ओळखणारी माणसे आपण सर्वांनी पाहिली आहेत. चिखलीच्या कुदळवाडीत अशांचा मोठा बाजार होता. मोठ्या कारखान्यांचे भंगार इथे येई, छोट्या शेडमध्ये सुटे भाग बनत. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने अनधिकृत बांधकामे म्हणून तिथल्या हजारो शेड पाडल्या. त्यांत सर्व धर्मांचे लोक होते, आपलेही फार मोठ्या संख्येने. कायद्याच्या बाजूची चर्चा इथे नको. मला त्यातून दुसरे दिसते. वीस-पंचवीस वर्षांचे कसब, ओळखी, धंद्याचे ज्ञान यांतले काहीच कागदावर नव्हते. शेड पडली तेव्हा तेही सारे मातीत गेले. बुलडोझरपुढे दाखवायला त्यांच्याकडे ना परवाना होता, ना प्रमाणपत्र, ना संघटना.

मग करायचे काय? पहिले म्हणजे कसबाला कागद मिळवून देणे. २०१५ पासून केंद्राच्या कौशल्य विकास योजनेत पूर्वी मिळवलेल्या कौशल्याची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय आली. आपल्या किती मिस्त्रींपर्यंत ती पोहोचली? दुसरे म्हणजे आपली ओळख एकपदरी नाही, हे मान्य करणे. जालन्याच्या शब्बीर अन्सारींनी चालवलेल्या चळवळीमुळे १९९४ मध्ये महाराष्ट्रात पिंजारी, तांबोळी, बागवान, अत्तार अशा व्यवसायावरून ओळखल्या जाणाऱ्या मुस्लिम जमातींना ओबीसी सवलतींची वाट खुली झाली. इस्लाममध्ये जात नाही, हे तत्त्व खरेच आहे. पण धुनकीवर खोकून मेलेल्या पिंजाऱ्याच्या नातवाला आयटीआयत जागा मिळत असेल तर त्या दाखल्याची लाज वाटायचे कारण नाही. तिसरे म्हणजे जे चढले त्यांनी मागे वळून पाहणे. नाव बदलून, 'खान'चा 'के.' करून वर गेलेल्यांना मी दोष देणार नाही. भाकरीसाठी माणूस काय काय करतो. पण वरच्या पायरीवर पोहोचलेला माणूस आपले पुरे नाव दारावर लावतो, तेव्हा खालच्या पायरीवरच्या पोराला चढण्याची हिंमत येते. आणि त्याने फक्त आपल्या समाजापुरतेच बोलावे असेही नाही. आगा बोलल्या त्या पारशांसाठी नव्हे. नायर लढले ते मल्याळींसाठी नव्हे.

चाकणच्या रस्त्यावर पाळी सुटते तेव्हा कामगारांच्या गर्दीत आपली मुलेही असतात. सात महिन्यांचे ओळखपत्र गळ्यात, नाव बारीक अक्षरांत. १९४८ मध्ये एका भागीदाराच्या जाण्याने एका पाटीवरून जे नाव पुसले गेले, ते पुन्हा त्या पाटीवर यावे असे मी म्हणत नाही. ओळखपत्रावरचे हे बारीक अक्षरांतले नाव एक दिवस सुपरवायझरच्या केबिनवर, मग मॅनेजरच्या दारावर यावे, एवढेच म्हणतो. आणि ते तिथे आले याचे कुणाला नवल वाटू नये.