वाटेवरची गुहा

सडक अर्जुनी हे नागपूर-रायपूर सडकेवरचे गाव; मोरगावची अर्जुनी निराळी. प्रवासी येथे चहा घेतात नि पुढे जातात. ईशान्येस सालेकशाकडे वळले तर कचारगडची गुहा लागेल, हे किती जणांना ठाऊक असते?

ऑकलंडहून रोटोरुआला जाणारे वाटेत वायटोमोची गुहा पाहतात. तिच्या छताला उजेड देणाऱ्या अळ्या चिकटलेल्या असतात. १८८७ साली माओरी प्रमुख ताने तिनोराऊ यांनी ती धुंडाळली, १८८९ पासून तेच वाटाडे झाले. १९०६ मध्ये सरकारने गुहा घेतली, ती वंशजांना परत मिळायला १९८९ उजाडले!

कचारगडला माघी पौर्णिमेला गोंडांची यात्रा भरते. कली कंकालीची कोंडलेली मुले लिंगोने येथूनच सोडविली, अशी त्यांची श्रद्धा. ही कथा गोंड वाटाड्याकडूनच ऐकावी. रायपूर दुसऱ्या दिवशी गाठले तरी चालते.