भाडेकरूची पारख

मुंबईच्या जुन्या चाळींत खोली मागावयास गेलेल्या माणसाला नाव, गाव, नोकरी आणि कोणाची ओळख, एवढे विचारले जाई. जात पुष्कळदा आडनावावरूनच कळे. ही पारख किती निष्ठुर असे, ते बडोद्यास दिसले. १९१७ साली तेथे नोकरीवर रुजू झालेल्या बाबासाहेब आंबेडकरांना राहावयास जागा मिळेना. म्हणून पारशी नाव सांगून ते एका पारशी विश्रामगृहात राहिले. खरे कळताच काठ्या घेऊन आलेल्या पारशी मंडळींनी त्यांना तेथून घालविले.

पुढे १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने भाडे बांधून टाकले आणि राहत्या भाडेकरूस काढणे अवघड केले. साहजिकच घरमालकाची सारी सावधगिरी उंबरठ्यावर एकवटली. पगडी घेणे गुन्हा ठरले, तरी ती चालूच राहिली; अखेर १९९९ च्या कायद्याने तिला मान्यता दिली.

आलेल्या भाडेकरूला कायद्याने आधार दिला, हे खरेच. पण दार कोणाला उघडावयाचे, हे बहुतांशी मालकाच्याच मर्जीवर राहिले. आता लेखी करार झाला, पोलिसांकडे माहिती देणे आले. तरी पहिला प्रश्न पुष्कळ ठिकाणी अजून आडनावाचाच असतो.