साष्टीच्या गावांतील पोलीस पाटील

आमच्या उपनगरांतील ख्रिस्ती समाजाचा इतिहास लिहायला बसलेला लेखक बहुधा चर्चमंदिरापासून आरंभ करतो. ते स्वाभाविकच आहे. मरोळचे संत योहानाचे मंदिर १५७९ मध्ये उभे राहिले, १८४० च्या साथीनंतर ते ओस पडले, गाव दुसरीकडे हलले आणि जुने भग्नावशेष आज सीप्झच्या आवारात आहेत, हे आपल्या वाचकांपैकी अनेकांना तोंडपाठ असते. धर्मगुरूंची नावे दगडावर कोरलेली असतात. ज्याचे नाव कोठे कोरले गेले नाही, पण ज्याच्या दारावर रात्री-अपरात्री थाप पडे, असा एक गृहस्थ गावात राहत असे. तो पोलीस पाटील. त्याची आठवण करावी, असे आम्हांस बरेच दिवस वाटत होते.

साष्टी हे नावच सहासष्ट गावांवरून पडले, असे परंपरा सांगते. १७३९ मध्ये पोर्तुगीज गेले, मराठे आले. १७७४ मध्ये इंग्रजांनी बेट घेतले. राज्ये बदलली, तरी गावचा मुख्य माणूस या ना त्या नावाने राहिलाच. त्याच्या पोलिसी कामाला पक्के कायदेशीर रूप मिळाले ते १८६७ च्या मुंबई ग्रामपोलीस कायद्याने. योगायोग पाहा, त्याच वर्षीच्या एप्रिल महिन्यात विरारहून बोरिवली, अंधेरी, वांद्रे करीत मुंबईस जाणारी आगगाडी सुरू झाली. एका हाताने सरकारने गावाला गावाचा अंमलदार दिला आणि दुसऱ्या हाताने गावाला शहराकडे नेणारा रस्ता खुला केला. पुढील नव्वद वर्षांत या दोहोंपैकी कोण जिंकले, ते आपण जाणतोच.

या पाटलाचे काम काय होते? सारा वसूल करणारा तो मुलकी पाटील. गावाच्या शांततेची जबाबदारी वाहणारा तो पोलीस पाटील. पुष्कळदा दोन्ही कामे एकाच्याच अंगावर पडत. चोरी, दरोडा, खून झाल्यास ठाण्यास वर्दी द्यायची. गुन्हेगारास धरून पुढे पाठवायचे. कोणी बुडून, गळफास घेऊन वा संशयास्पद रीतीने मेला, तर पंच जमवून प्रेताची पाहणी करायची व अहवाल लिहायचा. किरकोळ मारहाण आणि शिवीगाळ यांची प्रकरणे ऐकून दोषी इसमास २४ तासांपर्यंत चावडीत बसवून ठेवण्याचाही अधिकार त्याला होता. मढ, मनोरी, गोराईसारख्या समुद्रकाठच्या गावांत प्रेताच्या पाहणीचे काम किती वेळा आणि कोणत्या स्थितीत करावे लागत असेल, याची कल्पना खाडी आणि समुद्र ओळखणाऱ्यांना सांगायला नको. आधी पाटील, मग धर्मगुरू, अशा क्रमाने त्या मृत माणसाची गाठ पडे.

हे सारे करणारा मनुष्य बराकीत राहत नव्हता. तो शेत कसणारा, लेकीच्या लग्नाची चिंता वाहणारा, सणाच्या मिरवणुकीत खांदा देणारा गावकरीच असे. ज्याला पकडून न्यायचे, त्याच्या मुलाचा तो धर्मपिता असण्याचा संभव होता. साहेब गावात आला, की त्याची व त्याच्या शिपायाची भाकरी पाटलिणीच्या चुलीवर भाजली जाई. चावडी नावाला चावडी. बऱ्याच गावांचा खरा कारभार घराच्या ओटीवर चाले, आणि रात्री हाक आली, की झोप मोडे ती साऱ्या घराची. पाटलिणीचा कोणी पगार ठरवला नाही, हे येथे नोंदवून ठेवतो.

गावाने पाटलाला मान दिला; परंतु रात्रीची गस्त, ठाण्यापर्यंतची पायपीट, प्रेतापाशी राखण ही कष्टाची कामे पुष्कळशी महार वतनदारांच्या माथी होती. त्या राबणुकीतून त्यांची सुटका व्हावी, म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. कनिष्ठ वतने नष्ट करणारा कायदा झाला तो मात्र १९५८ मध्ये. गावगाड्याच्या आठवणीने ज्यांचे डोळे पाणावतात, त्यांनी हे तीस वर्षांचे अंतर ध्यानी ठेवावे.

आता ज्या गोष्टीने आम्हांस या विषयाकडे ओढले, ती सांगतो. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ४५ व्या कलमाने गावच्या मुखियावर माहिती देण्याचे बंधन घातले होते. चोरीचा माल घेणारा कोण, फरारी इसम कोठे आला, कोठे कोणाचा संशयास्पद मृत्यू झाला, हे कळताच त्याने सांगितलेच पाहिजे. गावात दोन माणसांना सर्वांची गुपिते ठाऊक असत. एक पापनिवेदनाच्या आसनावर बसणारा; त्याला ऐकलेले कधीही, कोणालाही सांगता येत नाही. दुसरा पाटील, त्याला ऐकलेले लपवता येत नाही. आम्हा धर्मगुरूंना आपल्या मौनाचे ओझे जड वाटते. पण आम्हांस त्या गावात बायकामुले नसतात आणि काही वर्षांनी आमची बदली होते. पाटील मात्र ज्याच्याविषयी कळवून आला, त्याच्याच शेजारी रविवारी मिस्सेला गुडघे टेकत असे. दोहोंत कोणाचे ओझे अधिक, याचा निवाडा आम्ही आमच्या बाजूने देऊ धजत नाही.

या पेचाची सर्वांत मोठी परीक्षा दारूच्या प्रश्नावर झाली. १८७८ च्या अबकारी कायद्याने ताडाच्या झाडांवर आणि घरगुती भट्टीवर सरकारचा हात पडलाच होता. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानंतर, १९५० पासून संपूर्ण बंदी आली. ज्या समाजात लग्नाच्या उंबरपाण्यापासून मांडवापर्यंत पेला फिरतो, तेथे भट्टी कोणाच्या परसात आहे हे पाटलाला ठाऊक नसणे शक्यच नव्हते. कळवावे तर जन्माचे वैर. न कळवावे तर कर्तव्यात कसूर. काहींनी डोळे मिटले असतील, काहींनी मिटण्याची किंमतही घेतली असेल. शिपायांनी योहान बाप्तिस्त्याला विचारले, तेव्हा त्याने नोकरी सोडा असे न सांगता पैसे उकळू नका, पगारात समाधान माना असे बजावले, हे संत लूकने तिसऱ्या अध्यायात नोंदवले आहे. तो उपदेश तुटपुंज्या मानधनाच्या माणसाला किती अवघड जातो, हे बाहेरून बोलणाऱ्याला कळणार नाही. ओळखीतून येणारा अधिकार ओळखीनेच वाकवताही येतो.

१९५० मध्ये अंधेरीपर्यंतचा आणि १९५७ मध्ये दहिसर-मुलुंडपर्यंतचा प्रदेश बृहन्मुंबईत आला. चकाला, मरोळ, कोंदिविटे, गोराई ही कागदोपत्री महानगराचे भाग झाली आणि शहराच्या पोलीसठाण्यांपुढे पाटलाचे काम उरले नाही. उर्वरित महाराष्ट्रात ते टिकले. १९६७ च्या महाराष्ट्र ग्रामपोलीस कायद्याने वंशपरंपरा संपवली. गावचाच रहिवासी, किमान सहावी उत्तीर्ण, वय २५ ते ४५ अशा अटींवर नेमणूक होऊ लागली. आज अनेक गावांत स्त्रियाही या पदावर आहेत. २०२४ मध्ये शासनाने मासिक मानधन ६,५०० रुपयांवरून १५,००० रुपये करण्याचा निर्णय घेतला.

गावठाणांतील भांडणे मात्र बृहन्मुंबई झाली म्हणून थांबली नाहीत. सामाईक भिंत, वाटणीची विहीर, भावाभावांची जमीन, दारुड्या नवऱ्याचा धिंगाणा. ठाण्यात गेल्यास गुन्हा नोंदला जातो, आणि गुन्हा नोंदला की नाते तुटते. म्हणून लोक आधी धर्मग्रामाच्या कचेरीत येतात. आम्ही ऐकतो. पण पाटलाजवळ जी गोष्ट होती, ती आमच्याजवळ नाही: समजूत पटली नाही तर चावडीत बसवण्याचा अधिकार. आणि ठाण्यातील तरुण फौजदाराजवळ अधिकार आहे, पण त्या दोन भावांच्या आजोबांमध्ये काय घडले होते, हे त्याला कोण सांगणार?

ही फट किती धोकादायक आहे, हे मुंबईने १९९२-९३ च्या दंगलींत पाहिले. त्यानंतर शहराचे तत्कालीन पोलीस आयुक्त सतीश साहनी, माजी आयुक्त ज्युलिओ रिबेरो आणि सुशोभा बर्वे यांनी मोहल्ला समित्यांचे काम उभे केले. वस्तीतील माणसे आणि ठाण्यातील पोलीस यांनी नियमाने एकत्र बसावे, एकमेकांना नावाने ओळखावे, अफवा पसरली तर कोणाला हाक मारायची हे आधीच ठरलेले असावे, एवढीच त्यामागची साधी कल्पना. आपल्या धर्मग्रामांतील कोणी अशा समितीवर असेल, तर ओटीवर बसलेल्या त्या जुन्या पाटलाच्या कामातला एक वाटा त्याच्याकडे आला आहे.