पूर्णमुख दंतरोपण

सर्व दात गेलेल्या जबड्याच्या हाडात टायटॅनियमचे स्क्रू (रोपणे) बसवून त्यांच्या आधाराने पक्की किंवा काढता-घालता येणारी कवळी बसवण्याची उपचारपद्धती. मुंबईत परळ-लालबागच्या गिरणगावात मिश्री आणि तंबाखू-चुन्याची सवय जुनी. दात पाडणाऱ्या हिरड्यांच्या आजाराला तिचा मोठा हातभार लागतो. दात गेले की जबड्याचे हाड झिजत जाते आणि खालची कवळी जिभेच्या हालचालीनेही उचलली जाते. तिच्याखाली शेंगदाण्याचा कण जरी शिरला, तरी हिरडी सोलवटते. मग भाकरी सुटते, मासळी सुटते आणि माणूस मऊ वरणभातावर येतो.

हाड टायटॅनियमशी एकजीव होते, हे स्वीडनच्या पेर-इंगवार ब्रोनमार्क यांनी दाखवले. १९६५ मध्ये त्यांनी माणसावर पहिले रोपण केले. पक्क्या बत्तिशीसाठी एका जबड्यात सहसा चार ते सहा रोपणे लागतात. हाड धरायला साधारण तीन ते सहा महिने जातात. नुसते वय आड येत नाही. आटोक्यात नसलेला मधुमेह, धूम्रपान आणि हाडांच्या ठिसूळपणावरील काही औषधे आड येतात.

खर्च लाखांत जातो. खालच्या जबड्यात दोनच रोपणे घालून त्यांवर कवळी अडकवणे हा कमी खर्चाचा, भरवशाचा मार्ग आहे. ज्येष्ठांना तो आधी सांगितला गेला पाहिजे. मुंबई सेंट्रलचे महापालिकेचे नायर दंत महाविद्यालय आणि सीएसएमटीजवळचे शासकीय दंत महाविद्यालय येथे कृत्रिम दात बसवण्याचे विभाग आहेत. रोपणाला कीड लागत नाही, पण भोवतीची हिरडी सुजून हाड झिजू शकते. रोजची सफाई आणि नियमित तपासणी जन्मभर करावी लागते.