हिपॅटायटिस बी : केमोथेरपीतील पुनरुद्भव

यकृतात सुप्त राहिलेला हिपॅटायटिस बी विषाणू केमोथेरपीने प्रतिकारशक्ती खालावताच पुन्हा वाढू लागणे. रक्ताच्या कर्करोगात, विशेषतः लिंफोमावरील रिटुक्सिमॅबमुळे, हा धोका मोठा. २०१३ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने या औषधावर त्याचा चौकटीतला इशारा छापायला लावला. म्हणून उपचारापूर्वीच पृष्ठप्रतिजन आणि गाभा-प्रतिपिंड या दोन्ही चाचण्या हव्यात. पहिलीवरच थांबले, तर सुप्त संसर्ग निसटतो. धोका दिसल्यास एन्टेकाविर किंवा टेनोफोविर सुरू करतात आणि केमोथेरपी संपल्यावरही सहा महिने ते वर्षभर, रिटुक्सिमॅबनंतर वर्ष-दीड वर्ष, चालू ठेवतात. बोदवडहून रेल्वेने मुंबईच्या टाटा रुग्णालयात खेपा घालणाऱ्याची हीच गोळी मध्येच सुटण्याची भीती असते. त्यातून उद्भवणारी कावीळ गळ्यात माळ घालून उतरत नाही. राष्ट्रीय विषाणुजन्य यकृतदाह नियंत्रण कार्यक्रम २०१८ मध्ये सुरू झाला. त्यात हिपॅटायटिस बीची तपासणी व औषधे मोफत आहेत.