तबकडीतला पार्कर, क्लबमधला पार्कर

चार्ली पार्करचा आल्टो सॅक्सोफोन आज आपल्यापर्यंत दोन वाटांनी पोचतो. पहिली वाट स्टुडिओची. सॅव्हॉय, डायल आणि पुढे नॉर्मन ग्रँझ यांच्या लेबलांसाठी वाजवलेल्या, बहुतांशी तीन मिनिटांच्या आसपास संपणाऱ्या तबकड्या तिच्यावर आहेत. दुसरी वाट क्लब, सभागृहे आणि रेडिओची. तिथे कुणी ना कुणी टिपून ठेवलेले वादन खरखरीत आहे, अर्धवट आहे, पुष्कळदा भलत्याच जागी सुरू होऊन भलत्याच जागी तुटणारे आहे. रसिकांचे तट याच दोन वाटांवर पडले आहेत. एकांच्या मते तबकडी हीच खरी कलाकृती आणि बाकीचा सगळा कच्चा माल. दुसऱ्यांच्या मते जॅझचा जीव उत्स्फूर्ततेत असतो, त्यामुळे स्टुडिओतला पार्कर म्हणजे पिंजऱ्यातला पक्षी. मला वाटते, दोन्ही बाजू एकच गोष्ट न तपासता गृहीत धरतात. ती म्हणजे, स्टुडिओत वाजवणारा पार्कर आणि क्लबात वाजवणारा पार्कर ही दोन वेगळी माणसे होती. पुरावा पाहिला तर तसे दिसत नाही. तबकडी ही त्याच्या रोजच्या वादनाचीच एक कापणी आहे आणि ती कुठे कापायची हे बहुतेक वेळा संगीताने नव्हे, धंद्याने ठरवले.

त्याची घडणच मुळी दोन्हीकडे झाली. 1920 साली जन्मलेला पार्कर कॅन्सस सिटीत वाढला. टॉम पेंडरगास्टच्या राजकीय वर्चस्वाखाली तिथले क्लब रात्रभर उघडे असत आणि वादकांची जॅम सेशन्स उजाडेपर्यंत चालत. कोवळ्या वयात अशा सेशनमध्ये त्याची फजिती झाली. मग 1937 च्या उन्हाळ्यात ओझार्कच्या डोंगराळ भागात एका बँडबरोबर नोकरी करताना त्याने सॅक्सोफोनवादक लेस्टर यंगच्या ध्वनिमुद्रिका ऐकून ऐकून त्याचे सोलो पाठ केले. म्हणजे क्लबने त्याला आव्हान दिले आणि तबकडीने त्याला शिकवले. ज्याच्या गुरुस्थानी स्वतः तबकडी होती, त्याला तिचे आटोपशीर माप परके वाटले असेल असे मानायला आधार नाही.

बीबॉप ही नवी जॅझशैली 1945 मध्ये एकाएकी अवतरली, ही समजूतही अशाच एका कापणीतून रुजली. ऑगस्ट 1942 पासून अमेरिकेतल्या वादकांच्या संघटनेने रॉयल्टीच्या प्रश्नावर ध्वनिमुद्रणावर बहिष्कार टाकला. सगळ्या बड्या कंपन्यांशी तडजोड व्हायला 1944 चा नोव्हेंबर उजाडला. हार्लेममधल्या मिंटन्स आणि मन्रोज या ठिकाणी ज्या वर्षांत नवे संगीत आकार घेत होते, त्यातला मोठा काळ कंपन्यांची यंत्रे बंद होती. अर्ल हाइन्सच्या बँडमध्ये 1943 साली पार्कर आणि ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पी एकत्र होते, पण त्या बँडची एकही तबकडी निघाली नाही. यंत्रे पुन्हा सुरू झाली तेव्हा तयार झालेली गोष्टच लोकांसमोर आली आणि तिला क्रांती म्हटले गेले. 22 जून 1945 रोजी न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमध्ये झालेल्या कार्यक्रमाचे मुद्रण 2005 साली प्रसिद्ध झाले. तबकडीच्या मापाच्या दुप्पट लांबीच्या त्या रचनांमध्ये पार्कर आणि गिलेस्पी पूर्ण मुरलेले ऐकू येतात. पार्करच्या नावाचा गाजलेला पहिला सॅव्हॉय सेशन त्यानंतर पाच महिन्यांनी झाला.

त्या सेशनमधली, 26 नोव्हेंबर 1945 ची ‘को-को’ ही तबकडी जरा जवळून पाहू. तिचा पाया रे नोबलच्या ‘चेरोकी’ या गाण्याच्या स्वरसंगतीचा. पहिल्या टेकमध्ये प्रास्ताविक संपताच वादक ‘चेरोकी’ची मूळ सुरावट धरतात आणि वादन मध्येच तोडले जाते. मूळ चाल वाजली असती तर तिच्या रॉयल्टीचा प्रश्न आला असता, असे त्याचे कारण सांगितले जाते. प्रसिद्ध झालेल्या टेकमध्ये ती सुरावट नाहीच. प्रास्ताविकानंतर पार्कर थेट 64 मात्राखंडांच्या पूर्ण आवर्तनात शिरतो आणि अफाट वेगात सलग दोन आवर्तने वाजवतो. पैशाचा हिशेब आणि वेळेची मर्यादा यांनी गाणे काढून घेतले आणि उरला तो निव्वळ विचार. अडचणीतून असे शिल्प निघाले, कारण ते वाजवण्याची सवय हातात आधीच होती. ‘चेरोकी’वर तो पियानोवादक जे मॅकशॅनच्या बँडमध्ये असल्यापासून वाजवत आला होता.

यावर एक वजनदार आक्षेप आहे. पार्करचे वादन ठरीव तुकड्यांनी भरलेले आहे, तेव्हा उत्स्फूर्ततेचे एवढे कौतुक कशाला? थॉमस ओवेन्स यांनी 1974 च्या प्रबंधात त्याच्या सोलोंतून वारंवार येणारे सुमारे शंभर स्वरसमूह वेगळे काढून दाखवले. ते निष्कर्ष मान्यच करायला हवेत. पण ठरावीक शब्द वापरणारा माणूस ठरावीक वाक्येच बोलतो असे होत नाही. 28 ऑक्टोबर 1947 रोजी डायलसाठी त्याने गर्श्विनचे ‘एम्ब्रेसेबल यू’ लागोपाठ दोनदा वाजवले. पहिल्या टेकमध्ये तो मूळ चालीला जवळपास हात न लावता सहा स्वरांच्या एका छोट्या तुकड्यापासून सुरुवात करतो, तोच तुकडा वरखाली फिरवत वाढवत नेतो आणि त्यातून सगळी इमारत उभी करतो. दुसऱ्या टेकमध्ये तो तुकडा नाही, आराखडाही वेगळा. स्टुडिओ तोच, साथीदार तेच, दिवस तोच. स्टुडिओत उत्स्फूर्तता मरते या मताला याहून ठोस उत्तर मिळणार नाही आणि ते उत्तर स्टुडिओतूनच मिळते.

मग क्लबातल्या मुद्रणांची गरज काय? गरज आहे, कारण एका सेशनच्या दोन टेक्समधून जे कळते ते रोजचेच होते की अपवाद, हे फक्त तीच सांगू शकतात. डीन बेनेडेटी हा स्वतः सॅक्सोफोन वाजवणारा तरुण. मार्च 1947 मध्ये लॉस एंजेलिसच्या हाय-डी-हो क्लबमध्ये आणि पुढच्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये तो पार्करच्या मागावर यंत्र घेऊन बसला. ते मुद्रण 1990 मध्ये मोझेक कंपनीने सात सीडींत काढले. बेनेडेटीचा रस फक्त पार्करमध्ये होता, म्हणून इतरांची पाळी आली की तो यंत्र बंद करी. त्यामुळे संवाद तुटतो. पार्कर कुणाच्या कोणत्या वाक्याला उत्तर देतो आहे हे कळत नाही. हा तोटा खराच. पण एकाच गाण्यावर रात्रीमागून रात्री काय बदलत गेले, हे दुसरीकडे इतके सलग सापडत नाही. प्रत्यक्ष कार्यक्रमाचे मुद्रण म्हणजे निर्भेळ सत्य, असेही समजू नये. 15 मे 1953 च्या टोरांटोतल्या मॅसी हॉलच्या कार्यक्रमात बास नीट टिपला गेला नव्हता, म्हणून चार्ल्स मिंगसने तो नंतर पुन्हा वाजवून भरला. करारामुळे तबकडीवर पार्करचे नाव ‘चार्ली चॅन’ छापले गेले. इथेही कापणी आहेच.

कलावंताने मान्य केलेली कृती ती तबकडीच, म्हणून तिलाच प्रमाण मानावे, हा शेवटचा आक्षेप. ‘लव्हर मॅन’चे उदाहरण त्याच्या आड येते. 29 जुलै 1946 रोजी पार्कर जेमतेम उभा राहू शकत असताना ती वाजवली गेली. त्याच रात्रीच्या घटनांमुळे त्याला कॅमारिलोच्या मनोरुग्णालयात सुमारे सहा महिने काढावे लागले. ती प्रसिद्ध झाल्याचा त्याला राग होता, तरी ती बाजारात आली. उलट, अनेक टीकाकारांनी नाक मुरडलेल्या तंतुवाद्यांच्या साथीतला 1949 चा ‘जस्ट फ्रेंड्स’ त्याला स्वतःला प्रिय होता. म्हणजे संमतीची कसोटी लावली तर रसिकांची मानांकने उलटीसुलटी होतील.

पार्कर 12 मार्च 1955 रोजी गेला, वयाच्या अवघ्या 34 व्या वर्षी. त्याच्यामागे जे उरले त्यातली प्रत्येक मुद्रिका कुणाच्या तरी गरजेपोटी, कराराखातर किंवा वेडापायी तयार झाली. म्हणून ती ऐकताना दोन प्रश्न हाताशी असावेत: हे कुठे कापले आणि का कापले? त्यांची उत्तरे ठाऊक असली की ‘को-को’ची तीन मिनिटे तोकडी वाटत नाहीत आणि बेनेडेटीची खरखर त्रासदायक वाटत नाही. पार्करची थोरवी एखाद्या परिपूर्ण तबकडीत शोधायची नाही. कॅन्सस सिटीपासून तो जी मेहनत करत आला, तिच्या बळावर तो प्रत्येक वेळी नव्याने विचार करू शकला. या सगळ्या कापण्यांनंतरही ते ऐकू येते आणि यातच त्या थोरवीचा पुरावा आहे.